बाई उतरल्यात

दहिसरहून एका गृहस्थांचा फोन आला. "बाबांच्या रेकॉर्डी विकायच्यात बहुतेक. एकदा बघून जाल का?" मी लोकांच्या घरच्या रेकॉर्डी डिजिटल करून देतो. नुसतं 'बघून जा' म्हणणाऱ्याला नव्वद टक्के वेळा भाव विचारायचा असतो, म्हणून मीही त्याच तयारीने गेलो. भाव हा तिथला विषयच नव्हता, हे कळायला मला तीन फेऱ्या लागल्या. मधल्या काळात मी एक ठोक चूक करून बसलो होतो. हे प्रकरण लिहून ठेवतोय ते त्या चुकीसाठीच. घरच्यांची हरकत नाही, पण नावं कुणाचीच देत नाही. या संग्राहकांना मी काका म्हणतो, इथेही तेच.

काका ७९ वर्षांचे. पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात नोकरी झाली, आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं. १८० चौरस फुटांची खोली, वर माळा, माळ्यावर रेकॉर्डी. चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरच्या भाड्यावर मंडळी दहिसरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली. रेकॉर्डी साधारण १,४००. कव्हरसकट एक एलपी पाव किलो धरली तरी साडेतीनशे किलो झाले. टेंपोवाल्याने खोकी उचलून बघितली आणि "काका, लाद्या भरल्यात का?" असं विचारून पाचशे जादा घेतले.

या हलवाहलवीत जुना प्लेयर गेला. एचएमव्हीचा फिएस्टा, सूटकेससारखा बंद होणारा. आतल्या रबरी चाकाला खड्डा पडून तो आधीच धडधडत होता, टेंपोत त्याचा दांडाच मोडला. म्हणून न्यू जर्सीतल्या पुतण्याने तिथे कुणाच्या तरी गराजमधून सत्तरच्या दशकातला बेल्टवर चालणारा टर्नटेबल घेतला आणि येताना सामानात आणला. जड तबक, लाकडी बैठक, सुईचा दाब हलका. वस्तू खरंच देखणी होती. मुलाने लॅमिंग्टन रोडवरून २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला, अँप्लिफायर जोडला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात घरात पुन्हा गाणं सुरू झालं.

दुसऱ्याच दिवशी काका म्हणाले, "बाई उतरल्यात."

बाई कोण ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की चर्चा पट्टीवरून घराण्यावर जाते आणि मग रात्रभर हलत नाही. एवढं पुरे की बाई काळी चारमध्ये गायच्या, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा, काकांना तो आता खाली लागत होता, आणि काकांनी त्यांना १९६८ पासून समोर बसून पंचवीसेक वेळा ऐकलं होतं.

"रेकॉर्ड कशी उतरेल, बाबा?"

"रेकॉर्ड नाही रे. बाई उतरल्यात. आणि तबल्याचा बायाँ ढिला पडलाय."

घराने याचा अर्थ काय लावला असेल ते सांगायला नको. माणूस ७९ चा, नुकताच चाळीतून उपटून आणलेला, डावीकडून हाक मारली तर उजवीकडे बघणारा. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आलेख निघाला, वरच्या पट्ट्यात, ३,००० हर्ट्झच्या पुढे, दोन्ही कानांत उतार. वयाप्रमाणे आहे, म्हणाले. हा कागद घरात निकालपत्रासारखा फिरला. तो नीट वाचला असता तर तिथेच काहीतरी कळलं असतं. काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि त्या भागात काकांच्या आलेखाची रेघ सरळ होती. पण आलेखाकडे त्या नजरेने कोण बघणार? मीही बघितलं नाही.

नातवाचा मुद्दा वेगळाच होता. त्याने किशोर कुमारची एक एलपी लावली आणि त्याला ती फार आवडली. हल्ली मुलं जुनी गाणी मुद्दाम मंद करून, घुमवून ऐकतात. त्याला ती तशी आयतीच मिळत होती. "आजोबा, हे तर ओरिजिनल स्लो व्हर्जन आहे," तो म्हणाला. या घरात खरं निदान पहिल्यांदा कुणी केलं असेल तर त्याने, आणि तेही कौतुक म्हणून.

मी पहिल्यांदा गेलो ते जुलैच्या मध्यावर. तोवर आणखी एक गोष्ट होऊन गेली होती, ती आधी सांगून टाकतो, कारण ती भरून येणारी नाही. आवाज बिघडला तो धुळीने आणि बुरशीने असेल असं ठरवून मुलाने रेकॉर्डी धुवायला काढल्या होत्या. मुंबईच्या पावसाळ्यात कव्हरच्या कागदावर पांढरी बुरशी धरते आणि तिथून तबकडीवर उतरते, हे खरंच आहे. व्हिडिओ बघून त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर आणलं, मऊ फडकं घेतलं. एलपी छान निघाल्या. मग तो ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या, गठ्ठ्याकडे वळला. पहिल्याच तबकडीला फडकं लावलं आणि फडकं तपकिरी-काळं झालं. त्याला वाटलं, केवढा मळ! आणखी घासलं.

एलपी व्हिनाइलची असते, म्हणजे पीव्हीसी. ७८ ची जुनी तबकडी लाखेची. आत दगडाची भुकटी आणि काजळी, आणि ते सगळं बांधून ठेवते ती लाख. सुतार फर्निचरला पॉलिश करायला चपडा, म्हणजे हीच लाख, कशात भिजत घालतो? स्पिरिटमध्येच. मुलगा जे पुसत होता तो मळ नव्हता, ती रेकॉर्डच होती. दुसरी तबकडी हातात घेतली तेव्हा काका आंघोळ करून बाहेर आले आणि वासावरून ओळखलं. पहिली गेली ती गेली. बालगंधर्वांची होती. काका त्या दिवशी कुणाला काही बोलले नाहीत. सूनबाई सांगत होत्या, जेवले, भांडं उचलून ठेवलं, आणि ७८ चा गठ्ठा उचलून स्वतःच्या कॉटखाली नेऊन ठेवला. साडेतीनशे किलो संसारातला तेवढाच एक गठ्ठा त्यांनी त्या घरात स्वतःच्या हाताने हलवला.

आता माझी चूक.

मी गेलो तेव्हा मुलाने मला पुरावाच दाखवला. टर्नटेबलच्या डब्यात वेग तपासायची पुठ्ठ्याची चकती आली होती, स्ट्रोबची. तबकावर ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली फिरवायची, वेग बरोबर असेल तर तिच्यावरच्या रेषा स्थिर दिसतात. हॉलमध्ये एलईडी होते, त्यात रेषा नुसत्या पुसट दिसत. स्वयंपाकघरात मात्र घरमालकाची जुनी चोकवाली ट्यूब होती. ओट्यावर टर्नटेबल, शेजारी कुकर, आणि चकतीवरच्या रेषा जागच्या जागी उभ्या. हलत नव्हत्या, सरकत नव्हत्या. "बघा," मुलगा म्हणाला, "स्पीड परफेक्ट आहे. उलट तो फिएस्टाच फास्ट असणार. बाबांना त्याचीच सवय."

हे बोलणं अगदीच बाष्कळ नव्हतं. जुने सूटकेस प्लेयर वेगाने पळायचे, हे मी स्वतः पाहिलंय. शिवाय माझ्या डोक्यात आणखी दोन स्पष्टीकरणं तयार होती. एक, गायकाची पट्टी वयाबरोबर खाली येते, मैफल एका काळातली आणि रेकॉर्ड दुसऱ्या काळातली असेल तर फरक पडायचाच. दोन, अगदी जुन्या ७८ तरी कुठे नेमक्या ७८ वर भरलेल्या असत! ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज भरला त्या काळात वेग ठरलेला नसे. थोडक्यात, मला बरंच काही ठाऊक होतं आणि त्यातलं काहीच इथे लागू नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'वेग : योग्य'. काकांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं."

तो 'बरं' घेऊन मी बोरिवलीपर्यंत रिक्षात बसलो, पण तो काही उतरेना.

जायच्या आधी मी काही एलपी चाळल्या होत्या, आणि प्रत्येक कव्हरात एक चिठ्ठी होती. कालनिर्णयच्या मागच्या पानाचे कापलेले चौकोन. कालनिर्णय १९७३ चं, त्याआधीच्या चिठ्ठ्या पोर्ट ट्रस्टच्या रद्दी पावत्यांवर. बारीक, हिशेबनिसाचं अक्षर. एक उतरवून घेतली होती : 'साहित्य संघ. काळी ४. मिरजेचे दोन तानपुरे, एकाची जवारी बसलेली. पहिला राग सव्वा तास. मध्यंतरात वडे संपले.' तारीख वर कोपऱ्यात. रेकॉर्ड त्या बाईंचीच, पण चिठ्ठी रेकॉर्डची नव्हती. ती मैफलीची होती.

काकांचा संग्रह असा जमलेला आहे. सबंध उलटा. आम्हा संग्राहकांत लोक लेबल बघतात, पहिली आवृत्ती बघतात, मोनो की स्टिरिओ बघतात, कव्हरचा कोपरा दुमडला असेल तर जीव टाकतात. काकांनी रेकॉर्ड कधी आधी घेतलीच नाही. आधी कलाकाराला समोर बसून ऐकायचं, मग काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचं, पैसे नसले तर चोर बाजारात मटण स्ट्रीटला, आणि ऐकलेल्या माणसाची रेकॉर्ड आणायची. ऐकलेली मैफल चिठ्ठीवर लिहून तिच्या पोटात घालायची. ज्यांना प्रत्यक्ष ऐकलं नाही त्यांच्या रेकॉर्डी त्यांच्याकडे नाहीतच म्हटलं तरी चालेल. अपवाद ७८ चा गठ्ठा, तो त्यांच्या वडिलांचा.

आणि मैफली ऐकल्या त्या मागच्या दाराने. ऐन विशीत ते गिरगावातल्या गणेशोत्सवातल्या गाण्यांना स्वयंसेवक म्हणून लागले. कामं दोन : सतरंज्या घालणं आणि तानपुरे लावणं. सतरंज्यांचं पुढे दुसऱ्या पोरांकडे गेलं, तानपुऱ्यांचं राहिलं. कलाकार यायच्या आधी दोन्ही तानपुरे लावून तयार हवेत, म्हणून दुपारीच निरोप काढायचा, 'आज काय पट्टी?' पेटीवर सूर धरायचा, जोड लावायचे, पंचम, खर्ज, मग तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलवायची. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओल्या हवेत भोपळा दर अर्ध्या तासाला उतरतो, की पुन्हा. चाळीसेक वर्षं ज्याने कलाकाराच्या तोंडून पट्टी विचारून ती चिठ्ठीवर लिहिली, त्याच्या 'काळी ४' ला आठवण म्हणायचं की नोंद, हा प्रश्न मला रिक्षात पडायला हवा होता. पडला तो रात्री.

त्या चिठ्ठ्यांत काय काय आहे! लक्ष्मीबागेतली एक बैठक आहे, 'माइक नाही, हवाही नाही' एवढाच शेरा. षण्मुखानंद सभागृहातल्या, १९९० च्या आगीआधीच्या मैफली आहेत. रात्रभर चाललेली गाणी आहेत, शेवटी 'भैरवी, मग चर्नी रोडहून पहिली लोकल' असं लिहिलेलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर दहाला लाउडस्पीकर बंद होऊ लागले, तेव्हापासून चिठ्ठ्यांवर पहाटेचे राग दिसत नाहीत. सकाळची मुद्दाम ठेवलेली मैफल असेल तेवढीच. आणि १९७८ च्या जॅझ यात्रेची एक चिठ्ठी आहे, धोबी तलावच्या रंगभवनची. ऑफिसातल्या एका गोवेकर मित्राने ओढून नेलं होतं. त्यावर लिहिलंय, 'पट्टी कळली नाही. दर गाण्याला बदलतात. ढोलवाला उत्तम.'

दुसऱ्या भेटीच्या आधी मी एक प्रयोग केला. पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात एका तरुण गायिकेचं गाणं होतं, काकांना घेऊन गेलो. खरं कारण सांगितलं नाही, त्यांनी बहुधा ओळखलं. दहिसरहून लोकल, मग रिक्षा, पायऱ्यांवर माझा हात. आत बसल्यावर पडदा उघडायच्या आधीच आतून तानपुऱ्याचा आवाज यायला लागला. काकांनी डोळे मिटले. "पांढरी पाच," म्हणाले. मग तोंड वाकडं केलं. "एक खरा आहे. दुसरी पेटी आहे, बटणाची." मध्यंतरात मी आत जाऊन तानपुऱ्यावर साथ करणाऱ्या मुलीला विचारलं. पांढरी पाच. आणि हो, इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, गायिकेच्या पाठीमागे ठेवलेला, खालून दिसत नव्हता.

बाहेर आल्यावर मी काकांना काहीच बोललो नाही. तेच म्हणाले, "कान गेलाय तो श-स-ष ऐकायचा. सूर कुठे गेलाय? सून काय म्हणते ते कळत नाही, काय सुरात म्हणते ते कळतं."

दुसऱ्या भेटीत त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. माझ्या 'वेग : योग्य' नंतर दोन आठवडे बसून त्यांनी हिशेब केला होता. सतरा एलपी, सतरा चिठ्ठ्या. डावीकडे चिठ्ठीतली पट्टी, उजवीकडे या टर्नटेबलवर वाजवून पेटीवर जुळवलेली. काळी चार होती तिथे पांढरी चार. पांढरी पाच होती तिथे पांढरी तीन. पुरुषांच्या रेकॉर्डीत काळी एकची थेट खालच्या सप्तकातली काळी पाच. शेवटच्या रकान्यात फरक, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून सुरांत मोजलेला : ३, ३, ३, ३. दोन ठिकाणी ४, एका ठिकाणी २, तिथे त्यांनीच लिहिलं होतं, 'रेकॉर्ड वेगळ्या काळातली, विश्वास नको.' आणि सगळ्यात खाली, 'पेटीच्या सुराच्याही किंचित खाली पडतं.'

हा कागद मी अजून जपून ठेवलाय. प्रकरण खरं तर तिथेच सुटलं, टर्नटेबलला हात न लावता. म्हाताऱ्या माणसाची आठवण दगा देते तेव्हा ती एकदा इकडे चुकते, एकदा तिकडे. वयाने उतरलेले गायक सगळेच्या सगळे मोजून तीन सूर उतरत नाहीत. सतरांतल्या चौदा रेकॉर्डी, वेगवेगळे कलाकार, वेगवेगळी सालं, आणि फरक एकच. म्हणजे बदललेली गोष्टही एकच. गाणारे नाहीत, ऐकणाराही नाही. मधलं यंत्र.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तबकाच्या कडेला कागदाची चिठी चिकटवली, मोबाइलवर तीन मिनिटं लावली आणि फेऱ्या मोजल्या. एलपीचा वेग मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या, म्हणजे तीन मिनिटांत नेमक्या शंभर. नातू मोठ्याने मोजत होता. गजर झाला तेव्हा तो ८३ वर होता.

शंभराच्या जागी ८३. सहाच्या जागी पाच. टर्नटेबल पालथा केला. खाली पत्र्याच्या पट्टीवर बारीक अक्षरांत होतं : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० ठोके देते, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, ठोक्यांना तो हात लावत नाही. आणि त्या काळातल्या बेल्टच्या बऱ्याच टर्नटेबलांत जी सिंक्रोनस मोटर असते ती व्होल्टेजवर नाही, ठोक्यांवर चालते. तबलजीच्या ठेक्यात पाय टाकणाऱ्या नर्तकासारखी. ठेका मंद झाला की पाय मंद. ५० भागिले ६० म्हणजे वेग जवळजवळ सतरा टक्क्यांनी कमी, आणि सूर तीन पट्ट्यांहून जरासाच जास्त खाली. 'पेटीच्या सुराच्याही किंचित खाली' ते हेच. पुढे आलेल्या क्वार्ट्झवाल्या टर्नटेबलांना हा रोग नाही, त्यांचा ठोका आतच तयार होतो. (मोटर तापते अशीही काकांची तक्रार होती. तीही त्याच कारणाने. ती मी उन्हाळ्यावर ढकलली होती, जुलै महिन्यात.)

मग स्ट्रोबच्या रेषा उभ्या कशा दिसल्या? या प्रश्नाने मला एक संध्याकाळ खाल्ली, आणि उत्तर मिळाल्यावर मी स्वतःवरच हसलो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लखलखते. प्रत्येक लखलखाटाला एका रेषेच्या जागी बरोबर पुढची रेषा आली तर चकती उभी दिसते. त्यासाठी आपल्याकडच्या चकतीवर १८० रेषा लागतात. अमेरिकेत लखलखाट १२०, म्हणून रेषा २१६. डब्यातली चकती २१६ ची. मोटर सहाच्या जागी पाच पावलं टाकत होती आणि ट्यूबही सहाच्या जागी पाचदाच लखलखत होती. दोघांची चूक तंतोतंत सारखी, म्हणून रेषा उभ्या. आरोपीही अमेरिकेचा आणि साक्षीदारही अमेरिकेचा. आम्ही गिरगावच्या माणसाला खोटं पाडून मोकळे.

हे सगळं समजावल्यावर काकांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला आधी ठाऊक असूनही मी तिचा असा विचार केला नव्हता. केसरबाई केरकरांची भैरवी अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आहे. यानं १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ती तबकडी वाजवायची १६ आणि दोन तृतीयांश फेऱ्यांच्या वेगाने. पण 'मिनिट' म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला कळणार कसं? म्हणून तिच्या झाकणावर एका फेरीचा वेळ, ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूच्या स्पंदनात मोजून कोरलाय. सोबत सुईही दिलीय. "म्हणजे त्यांनी पट्टी लिहून दिली," काका म्हणाले. "बाई परग्रहावर गेल्या तरी उतरणार नाहीत."

दुरुस्ती त्यामानाने साधी निघाली. दोन रस्ते होते. ६० ठोके तयार करून देणारा इलेक्ट्रॉनिक खोका, किंवा मोटरच्या टोकावरची पुली बदलणं. मोटर मंद फिरते ना, तर तिच्यावरचं चाक सहास-पाच या हिशेबाने मोठं करायचं. खोका महाग, म्हणून पुली. खेतवाडीच्या मागे एका गल्लीत लेथवाला आहे, त्याला मूळ पुली दिली. व्हर्नियरवर ३३ ची पायरी १२.४ मिलिमीटर भरली. मी गुणाकार करून १४.८८ सांगितलं.

"पंधरा करू?" त्याने विचारलं.

"नाही, चौदा अठ्ठ्याऐंशी."

पितळेची सुबक पुली झाली. बसवली, फेऱ्या मोजल्या. ९९ आणि थोडं. काका म्हणाले, "आल्या. पण अजून केसभर खाली आहेत." हे त्यांना ऐकू आलं की नातवाची मोजणी ऐकून वाटलं, मला सांगता येणार नाही. चूक मात्र माझीच होती. बेल्टलाही जाडी असते, आणि ती दोन्ही हिशेबांत धरायला हवी. ०.६ मिलिमीटरचा बेल्ट धरून गणित केलं तर उत्तर येतं पंधरा. लेथवाल्याकडे परत गेलो. तो काही बोलला नाही, पण पैसे दुसऱ्या पुलीचे पूर्ण घेतले.

शंभर फेऱ्या भरल्या त्या दिवशी गणपती दोन दिवसांवर होते. काकांनी काळी चारची एलपी लावली. पहिला आकार आला आणि ते उठून पेटीशी गेले, काळी चार दाबून धरली, बराच वेळ. मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "सॉरी, बाबा." काकांनी पेटीचा भाता न थांबवता नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

यातून एक हिशेब अजून बाकी आहे. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत काकांना एकदा खरंच वाटलं होतं की आपलाच कान गेला, आता ठेवून काय करायचं. त्या भरात त्यांनी ३८ एलपी चोर बाजारातल्या एका विक्रेत्याला घरी बोलावून देऊन टाकल्या होत्या. घरात कुणाला पत्ता नव्हता. कुठल्या दिल्या? तर ज्या सगळ्यात जास्त ऐकल्या होत्या त्या. मलाही हे त्यांनी पुली बसल्यावरच सांगितलं.

शुक्रवारच्या बाजाराला आम्ही तिघं गेलो, काका, नातू आणि मी. विक्रेता ओळखीचा, माणूस सरळ. पण माल फिरता, तो तरी काय करणार? गठ्ठे उपसून नऊ सापडल्या. दिल्या त्याच्या तिप्पट भावाने परत घेतल्या, आणि काकांनी घासाघीस केली नाही, जे गिरगावच्या माणसाच्या बाबतीत नोंद करण्यासारखं आहे. नऊपैकी आठांच्या पोटात चिठ्ठ्या तशाच होत्या. नवव्या कव्हरातली गेली होती, कचरा समजून कुणीतरी टाकली असेल.

घरी आल्यावर काकांनी या वर्षीच्या कालनिर्णयचं सरलेलं पान कापलं आणि त्या नवव्या रेकॉर्डची चिठ्ठी नव्याने लिहायला बसले. हॉल आठवला, लिहिला. तबल्यावर कोण ते दोन नावांत घोटाळा झाला, दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. साल आठवेना. १९७४ की ७६, नातवाने मोबाइल काढला, काकांनी नको म्हटलं आणि वरचा कोपरा कोराच ठेवला. मग पेन टेकवून, न थांबता, लिहिलं : काळी १.